प्रयागबाई ठीक आहेत

तो फोटो वच्छीनं काढला, मार्चमध्ये.
औषधांनी आईचे केस गेलेले,
भाऊंचा टॉवेल डोक्याला फेट्यासारखा गुंडाळून
ती आरशात बघून हसली.
तेवढंच.

वच्छीनं तो 'ढोणे परिवार'वर टाकला.
एकशे चौदा माणसं, त्यातली निम्मी
आम्ही लग्नाच्या पंगतीत पाठमोरी पाहिलेली.
आठव्या दिवशी फोटो परत आला,
वसमतच्या हळद बाजारातल्या कुण्या अडत्याच्या ग्रुपवरून,
भोवती झेंडूची चौकट, खाली दोन समया,
वर भावपूर्ण श्रद्धांजली.

आई तेव्हा अंबाडी खुडत बसली होती.
फोन तिनंच घेतला.
"हां, मीच बोलायले. नाही गेले अजून."
सांजेपर्यंत सात जणांना असं सांगितलं,
आठव्याला नुसतं "राँग नंबर" म्हणाली.
मी ग्रुपवर लिहिलं, प्रयागबाई ठीक आहेत.
त्याखाली एकेचाळीस जणांनी हात जोडले
आणि तिघांनी ॐ शांती.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बसस्टँडसमोर.
लोक काचेखाली काय काय विसरून जातात,
आधार, टीसी, सातबारा,
एकदा एका बाईचा काडीमोडाचा कागद.
रात्री झाकण उचललं की
कुणाचं तरी तोंड काचेवर पालथं पडलेलं.
मी ते खणात ठेवते, वाचत नाही.
खोटं कशाला, काडीमोडाचा वाचला होता.
म्हणूनच बहुतेक हे काम माझ्याकडं आलं,
घरापुरतं एखादं अ‍ॅप शोधायचं.

रविवारी व्यंकटी होसूरहून, वच्छी उदगीरहून,
आपापल्या चौकोनात येऊन बसले.
तिचा प्रज्योत अटी वाचत होता.
हे फुकट आहे.
"मग त्यांचं पोट कशावर चालतं?" व्यंकटी म्हणाला.
हे दुसरं, वर्षाला नऊशे.
"फोटो ठेवायला भाडं?"
हे तिसरं, कुलूपबंद, पाठवणारा अन् घेणारा सोडून
कंपनीलाही दिसत नाही म्हणे,
सगळं तिकडं जर्मनीत ठेवतात.
आईनं मान वर केली, "तिथं उंदरं नाहीत ना?"
आमच्या पेटीतलं भाऊंचं लग्न
उंदरांनी वधूवरापर्यंत खाल्लं होतं.

मग कुणाला घ्यायचं.
पाच नावं पटापट झाली.
रंगनाथमामाचं निघालं
आणि सगळ्यांचेच माइक बंद.
मामा येईल ते पुढं ढकलतो,
वाचून नाही, अंगठ्याच्या सवयीनं.
तो फोटोही त्याच्याच हातून सुटला असणार,
असं कुणी म्हणालं नाही.
पण नांदेडच्या एकवीस फेऱ्या त्याच्या जीपनं झाल्या
आणि डिझेलचे पैसे दिले की
तो काच वर करायचा.

आई म्हणाली, "घ्या त्याला.
अन् एवढं लपवायलात तुम्ही सगळे,
पर त्या फोटोत मी कशी दिसायले,
ते एकानंबी सांगितलं नाही."

प्रज्योत खाली बघत राहिला. व्यंकटीचा पंखा ऐकू येत होता.

नऊशेवालं नाही, तिसरंच घेतलं.
सहा आकडी कुलूप आईनं स्वतः टाकलं,
पदराआड, आम्हाला पाठ करून.
रात्री दुकानाचं शटर ओढून आल्यावर
मी तोच फोटो पहिला चढवला,
झेंडूशिवाय, समयांशिवाय, टॉवेलासकट.
पाहिलं, पाहिलं, पाहिलं,
पाच जणांनी पाहिलं,
आणि कुणाला काही सुचेना.

साडेअकराला मामाचा आवाज आला.
नऊ सेकंद, त्यातली सहा जीपची.
मग, "अक्का, फेटा उलटा गुंडाळलास की.
शेव डाव्या अंगाला सोडतेत."

आईनं ते चारदा ऐकलं.
मग म्हणाली, दोरीवरचा टॉवेल आण.